नव्या कार स्टिरिओची पॉवर आणि अर्थिंग: पहिल्या मोजणीपासून शेवटच्या तपासणीपर्यंत

आवाज वाढवला की स्टिरिओ बंद पडून पुन्हा चालू होतो. रोज सकाळी घड्याळ आणि साठवलेली स्टेशनं पुसलेली असतात. दोन दिवस गाडी उभी राहिली की बॅटरी बसते. इंजिनाचा वेग वाढला की स्पीकरमधून बारीक शिटी ऐकू येते. अशा तक्रारी आल्या की पहिला संशय नव्या स्टिरिओवर घेतला जातो. तो बदलून दुसरा आणतात आणि तोच त्रास पुन्हा सुरू होतो. कारण दोष बहुतेक वेळा पॉवरच्या दोन वायरींत आणि अर्थिंगच्या एका वायरीत असतो, आणि त्या जशाच्या तशा राहिलेल्या असतात.

हा लेख त्या तीन वायरींबद्दल आहे. बाकीच्या वायरी गरजेपुरत्याच येतील. इथली सगळी माहिती १२ व्होल्टच्या आणि बॅटरीचा निगेटिव्ह बॉडीला जोडलेल्या गाड्यांसाठी आहे. २४ व्होल्टच्या ट्रक-बसमध्ये असा स्टिरिओ थेट जोडू नका. तिथे २४ चे १२ व्होल्ट करणारा कन्व्हर्टर लागतो. दोन बॅटऱ्यांपैकी एकीवरूनच १२ व्होल्ट उचलायची युक्ती सर्रास केली जाते, पण त्यात एक बॅटरी सतत कमी आणि दुसरी सतत जास्त चार्ज होते आणि दोन्ही लवकर जातात.

## तीन वायरी, तीन कामं

पिवळी: बॅटरीची कायमची पॉवर. किल्ली काढली तरी इथे १२ व्होल्ट असलेच पाहिजेत. स्टिरिओची मेमरी हिच्यावर जगते आणि, हे अनेकांना माहीत नसतं, स्पीकर वाजवणारा मोठा करंटही बहुतेक स्टिरिओंत हिच्यातूनच येतो.

लाल: एसीसी, म्हणजे अ‍ॅक्सेसरीची पॉवर. किल्ली फिरवली की १२ व्होल्ट, काढली की शून्य. हिचं काम स्टिरिओला ‘जागा हो’ आणि ‘झोप’ एवढं सांगण्याचं. करंट अगदी थोडा.

काळी: अर्थ. पिवळीतून आत गेलेला सगळा करंट हिच्यातूनच परत जातो. म्हणून काळी वायर पिवळीइतकीच जाड आणि तिचा जोड पिवळीइतकाच पक्का हवा.

हे रंग नव्या स्टिरिओच्या बाजूचे आहेत. तेही आधी स्टिरिओवरच्या स्टिकरशी ताडून घ्या. गाडीच्या बाजूच्या वायरींचे रंग प्रत्येक कंपनी आपल्या पद्धतीने ठरवते. एखाद्या गाडीत तपकिरी वायर अर्थ असते, तर दुसऱ्या गाडीत पिवळी वायर एअरबॅगची असू शकते. रंगाला रंग जोडणे ही या कामातली सर्वांत महाग पडणारी चूक आहे.

## टप्पा १: डॅशबोर्ड उघडण्याआधी

सामान एकदम जमवा. अर्धवट जोडलेलं सोडून स्लीव्ह शोधायला उठलात की उघडी वायर कुठेतरी टेकते.

मल्टिमीटर हवाच. त्याच्या जोडीला १२ व्होल्टचा साधा बल्ब, शक्यतो हेडलाइटचा ५५ वॅटचा, त्याला दोन वायरी लावून ठेवा. या बल्बचा उपयोग पुढे कळेल. वायर सोलायची पकड, क्रिंपिंगची (धातूचा जोड वायरीवर दाबून बसवायची) पकड, वेगवेगळ्या मापांची हीट श्रिंक स्लीव्ह (तापवली की आवळून बसणारी नळी), गोल भोकाची थिंबल (वायरीच्या टोकाला लावून बोल्टखाली कसायचं धातूचं कडं), बट कनेक्टर (दोन वायरींची टोकं जोडणारी धातूची नळी), सँडपेपर, कापडी टेप. आणि तुमच्या गाडीच्या मॉडेलचा कपलर-अडॅप्टर (कपलर म्हणजे वायरींची जुडी एकदम जोडणारा प्लग). हा अडॅप्टर असेल तर गाडीची मूळ वायर कापावी लागत नाही. उद्या मूळ स्टिरिओ परत बसवायचा झाला तर नुसता कपलर लावला की झालं. अडॅप्टर मिळत असताना गाडीची वायर कापणं मला कधीच पटलेलं नाही.

मग तीन गोष्टी कागदावर लिहून घ्या. नव्या स्टिरिओच्या पाठीवरचा फ्यूज किती अँपिअरचा आहे (बहुतेकदा १० किंवा १५). गाडीच्या फ्यूज बॉक्समध्ये ऑडिओचा फ्यूज किती आहे. आणि जुन्या स्टिरिओला सिक्युरिटी कोड आहे का. असेल तर तो आत्ताच शोधा, कारण बॅटरी सोडली की जुना स्टिरिओ तो मागेल.

जुना स्टिरिओ चालत असेल तर काढण्याआधी तो कसा वागतो तेही पाहा. किल्ली काढली की लगेच बंद होतो, की दार उघडल्यावर? रात्री दिवे लावले की पडदा मंद होतो का? दार उघडेपर्यंत चालू राहणारा स्टिरिओ असेल तर कदाचित त्याला लाल वायर नाहीच. त्याला चालू-बंदचा हुकूम गाडीच्या डेटा लाइनवरून (कंट्रोलरांचे संदेश नेणाऱ्या वायरीवरून) येत असावा. टप्पा ६ मध्ये याची गरज पडेल.

## टप्पा २: बॅटरी सोडा, जुना स्टिरिओ बाहेर काढा

किल्ली काढा, काही मिनिटं थांबा आणि बॅटरीचा निगेटिव्ह टर्मिनल आधी सोडा. पॉझिटिव्ह आधी सोडायला गेलात आणि पाना बॉडीला टेकला तर थेट शॉर्ट होतो. निगेटिव्ह सोडताना पाना बॉडीला टेकला तरी काही होत नाही. जोडताना उलट क्रम: निगेटिव्ह सगळ्यात शेवटी.

टर्मिनल सोडल्यावरही एअरबॅगच्या यंत्रणेत थोडा वेळ चार्ज राहतो. गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेला वेळ थांबा, मगच पॅनेलला हात लावा.

> सावधान: डॅशबोर्डच्या आत पिवळ्या वेष्टनातल्या वायरी किंवा पिवळे कपलर दिसले तर ते एअरबॅगचे धरा. त्यांवर मल्टिमीटर, बल्ब, काहीही लावू नका.

जुना स्टिरिओ बाहेर ओढताना मागचा कपलर जोडलेला असतानाचा एक फोटो काढा. मग कपलर आणि अँटेना सोडा.

## टप्पा ३: गाडीच्या बाजूची प्रत्येक वायर मोजून ओळखा

आता मोजणीसाठी बॅटरी परत जोडावी लागेल. त्याआधी पॅनेलबरोबर निघालेली पार्किंग लाइटची खटकी, एअरबॅगचा दिवा वगैरे जे काही असेल ते आपापल्या कपलरला परत लावा. तसं न करता इग्निशन चालू केलं तर काही गाड्यांत एअरबॅगची सूचना लागून राहते आणि ती घालवायला स्कॅनर लागतो. सुटे कपलर कुठे धातूला टेकत नाहीत हेही पाहा.

मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. काळा प्रोब बॉडीच्या एखाद्या उघड्या बोल्टवर धरा आणि लाल प्रोबने कपलरची एकेक पिन तपासा:

| स्थिती | कायमची पॉवर | एसीसी | पार्किंग दिव्यांची वायर |
|---|---|---|---|
| किल्ली काढलेली, दिवे बंद | १२ च्या वर | ० | ० |
| किल्ली एसीसीवर, दिवे बंद | १२ च्या वर | १२ च्या वर | ० |
| किल्ली एसीसीवर, दिवे चालू | १२ च्या वर | १२ च्या वर | १२ च्या आसपास |

स्वस्थ, विसावलेली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. १२.२ च्या खाली असेल तर आधी बॅटरी चार्ज करा, नाहीतर पुढची सगळी मोजमापं फसवतील.

कपलर आयएसओ १०४८७ पद्धतीचा, म्हणजे आठ-आठ पिनांचे दोन ठोकळे असलेला असेल तर पॉवरच्या ठोकळ्यात पिन ४ वर कायमची पॉवर, ५ वर अँटेना, ६ वर दिव्यांची वायर, ७ वर एसीसी आणि ८ वर अर्थ असा नेहमीचा क्रम असतो. पण काही गाड्यांत ४ आणि ७ यांची अदलाबदल असते. स्टिरिओ चालतो पण रोज सगळं विसरतो, या तक्रारीमागे बरेचदा हेच निघतं. अनेक अडॅप्टरांत लाल-पिवळीच्या मधे खटक्याचे जोड दिलेले असतात, ते याच अदलाबदलीसाठी. मोजून ठरवा आणि गरज असेल तरच फिरवा.

एखादी पिन १२ ही नाही आणि ० ही नाही, २ ते ३ व्होल्ट दाखवते? ती बहुधा डेटा लाइन आहे. तिच्यावर बल्ब लावू नका आणि तिला काहीही जोडू नका.

### आता तो बल्ब

नुसता मल्टिमीटर एका बाबतीत हमखास फसवतो. तो करंट जवळजवळ घेतच नाही. त्यामुळे वीस तारांपैकी एकच तार शिल्लक असलेली वायरसुद्धा त्याला ऐटीत १२.६ व्होल्ट दाखवते. तिच्यातून प्रत्यक्ष करंट खेचला की ती कोसळते.

म्हणून कायमची पॉवर आणि अर्थ अशा ज्या दोन पिना तुम्हाला सापडल्या, त्यांच्यामध्ये ५५ वॅटचा बल्ब लावा. तो साधारण साडेचार अँपिअर खेचतो. बल्ब पेटलेला असताना मल्टिमीटरचा एक प्रोब बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर आणि दुसरा कपलरच्या अर्थ पिनवर धरा. त्यासाठी लांब वायर लागेल. आकडा ०.१ व्होल्टच्या आत असेल तर गाडीची मूळ अर्थ वायर उत्तम. ०.३ च्या वर असेल तर ती स्टिरिओसाठी वापरू नका. मग तसंच पॉझिटिव्हच्या बाजूने: एक प्रोब बॅटरीच्या पॉझिटिव्हवर, दुसरा कपलरच्या कायमच्या पॉवरच्या पिनवर. ही वायर लांब असते आणि फ्यूजमधून येते, त्यामुळे इथे ०.३ पर्यंत चालतं.

बल्ब काही सेकंदच पेटवा. हेडलाइटचा बल्ब चटकन भाजतो, त्याला प्लास्टिकपासून दूर धरा. एसीसी, दिवे आणि इतर बारीक वायरींवर हा बल्ब वापरू नका.

थांबा आणि तपासा: कायमची पॉवर, एसीसी आणि अर्थ या तिन्ही वायरींवर तुमच्या हाताने चिठ्ठी लागली का? एकीबद्दल जरी ‘असावी’ असं वाटत असेल तर पुन्हा मोजा. मग बॅटरीचा निगेटिव्ह परत सोडा. इथून पुढे टप्पा ९ पर्यंत, टप्पा ६ मधली एक मोजणी सोडली तर, तो सुटलेलाच राहील.

## टप्पा ४: अर्थ आधी

बहुतेक जण अर्थ शेवटी, उरलेल्या वेळात आणि जिथे स्क्रू दिसेल तिथे लावतात. सर्वांत जास्त बिघाडही इथेच होतात, म्हणून या टप्प्याला पुरेसा वेळ द्या.

मूळ अर्थ पिन बल्बच्या चाचणीत पास झाली असेल तर ती वापरा, नवी जागा शोधू नका. नापास झाली, किंवा स्टिरिओ मूळपेक्षा बराच जास्त करंट घेणारा असेल, तर बॉडीवर नवा अर्थ पॉइंट करायचा.

जागा कशी निवडायची? जिथे लोखंड थेट बॉडीला वेल्ड केलेलं आहे तिथे. डॅशबोर्डमागचा आडवा दांडा जवळचा आणि सोयीचा वाटतो, पण तो काही गाड्यांत रंग दिलेल्या तोंडांवर नुसता बोल्टने कसलेला असतो, त्यामुळे मोजल्याशिवाय त्याच्यावर भरवसा नको. स्टिरिओची पत्र्याची चौकट प्लास्टिकवर बसलेली असते, ती अर्थ नाहीच. स्टिअरिंगचा दांडा, पेडलचा ब्रॅकेट आणि ज्या बोल्टवर आधीच एअरबॅगची वायर आहे तो बोल्ट, या तिन्हींना हात लावू नका. नवं भोक पाडायची वेळ आलीच तर पत्र्यामागे काय आहे ते डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ड्रिल लावू नका.

जागा ठरली की:

1. बोल्ट काढा. त्याच्याभोवती थिंबलच्या आकाराएवढाच रंग सँडपेपरने घासा. राखाडी प्रायमर दिसला म्हणजे धातू आला असं नाही. प्रायमरही वीज अडवतो. पत्रा चकचकीत दिसेपर्यंत घासा.
2. काळ्या वायरीला थिंबल क्रिंप करा. थिंबलचं भोक बोल्टच्या मापाचं हवं. मोठं भोक म्हणजे कमी स्पर्श.
3. थिंबलचं सपाट तोंड थेट उघड्या पत्र्यावर, त्यावर दातेरी वॉशर, त्यावर बोल्ट. थिंबल आणि पत्रा यांच्यामध्ये काहीही नको.
4. घट्ट कसा. थिंबल हाताने फिरवून पाहा, हलता कामा नये.
5. कसल्यानंतर वरून रंगाचा किंवा ग्रीसचा हात द्या, म्हणजे घासलेल्या जागी गंज धरणार नाही. हे कसण्याआधी करू नका.

वायर जितकी आखूड तितकी चांगली. काळी वायर थेट बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत न्यायचा मोह होतो, पण नव्या गाड्यांत त्या टर्मिनलवरच बॅटरीचा करंट मोजणारा सेन्सर असतो. त्याला वळसा घालून थेट खांबावर वायर लावली तर गाडीचा चार्जिंगचा हिशेब चुकतो. बॉडीवर अर्थ देणं हेच बरोबर.

> सावधान: काळी वायर सुटी असताना स्टिरिओ कधीही चालू करू नका. करंट परतीची दुसरी वाट शोधतो: अँटेनाच्या केबलची जाळी, किंवा बाहेरच्या अँप्लिफायरकडे आवाजाचा सिग्नल नेणाऱ्या आरसीए केबलची जाळी. स्टिरिओ वाजतो, म्हणून सगळं ठीक वाटतं. पण केबल तापते, आवाजात खरखर शिरते, आणि काही स्टिरिओंत आरसीएच्या अर्थचा आतला बारीक फ्यूज कायमचा जातो.

## टप्पा ५: पिवळी आणि तिचा फ्यूज

आधी थोडा हिशेब. खोक्यावर ‘४ × ५० वॅट’ छापलेलं असतं, म्हणून लोक २०० वॅटच्या हिशेबाने घाबरून जाड केबल टाकतात. १४.४ व्होल्टवर चालणारा स्टिरिओचा आतला अँप्लिफायर ४ ओहमच्या स्पीकरला स्वच्छ आवाजात कमाल २६ वॅटच देऊ शकतो, आणि आतला तोटा धरला तर २० च्या आसपास. चार स्पीकरांचे ८० वॅट, उष्णतेत जाणारा भाग धरून सुमारे १३० वॅट, म्हणजे पूर्ण आवाजात ९ ते १० अँपिअर. गाणं ऐकताना सरासरी याहून बरीच कमी असते. म्हणूनच पाठीवर १० किंवा १५ चा फ्यूज पुरतो.

आता तुम्ही लिहून ठेवलेले दोन फ्यूज ताडून पाहा.

गाडीचा फ्यूज स्टिरिओच्या फ्यूजइतका किंवा मोठा: मूळ पिन वापरा, पिवळी तिलाच जोडा. काम संपलं.

गाडीचा फ्यूज लहान, उदाहरणार्थ गाडीत १० आणि स्टिरिओवर १५: गाडीतला १० काढून तिथे १५ बसवू नका. तो फ्यूज स्टिरिओला वाचवायला नसतो, फ्यूज बॉक्सपासून डॅशबोर्डपर्यंतच्या बारीक वायरीला वाचवायला असतो. मोठा फ्यूज लावला की आता फ्यूजच्या आधी वायर जळेल, तीही जिथे हात पोहोचत नाही तिथे. मूळ १० वरच चालवून पाहायला हरकत नाही. तो उडू लागला तर बॅटरीपासून नवी लाइन ओढा.

नव्या लाइनसाठी २.५ चौरस मिमीची अस्सल तांब्याची वायर घ्या. ३ मीटर लांबीत १० अँपिअरला तिच्यात सुमारे ०.२ व्होल्ट पडतात. १ चौरस मिमीच्या वायरीत तेवढ्याच लांबीत अर्ध्या व्होल्टच्या वर जातात. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची वायर स्वस्त आणि दिसायला जाड असते, पण तिचा रोध जास्त. वायर सोलून तारेचं टोक ब्लेडने खरवडा. आत पांढरं दिसलं तर ती तांब्याची नाही.

फ्यूज होल्डर बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत लावा. स्टिरिओच्या पाठीवर फ्यूज आहे म्हणून बॅटरीजवळचा गाळला, तर बॅटरीपासून डॅशबोर्डपर्यंतची अख्खी वायर बिनफ्यूजची राहते. ती इंजिनाच्या खोलीतून जाते, कुठेही घासली तर आग लागू शकते. पत्र्यातून वायर आत घेताना रबरी ग्रॉमेटमधूनच (भोकाच्या कडेवर बसणाऱ्या कड्यातूनच) घ्या. नुसत्या पत्र्याच्या कडेवरून गेलेली वायर आज ना उद्या कापली जातेच.

फ्यूज मात्र आत्ता बसवू नका. होल्डर रिकामा ठेवा.

## टप्पा ६: लाल

कपलरमध्ये एसीसीची पिन सापडली असेल तर तिला लाल जोडा आणि पुढे चला.

न सापडणं हल्ली नेहमीचं झालं आहे. अनेक गाड्यांत स्टिरिओला चालू-बंदचा हुकूम डेटा लाइनवरून जातो, १२ व्होल्टची एसीसी वायर तिथपर्यंत येतच नाही. अशा वेळी दोन रस्ते आहेत. गाडीच्या मॉडेलसाठी बनवलेला कॅन-बस अडॅप्टर, जो डेटा वाचून १२ व्होल्टचा एसीसी बाहेर देतो. स्टिअरिंगवरची बटणंही हवी असतील तर हाच घ्या. किंवा फ्यूज बॉक्समधून फ्यूज टॅपने (मूळ फ्यूजच्या जागी बसून नव्या वायरीला वेगळ्या फ्यूजमधून पॉवर देणाऱ्या जोडाने) एसीसी उचलणे.

टॅप लावायचा तर चार्जिंग सॉकेट किंवा वायपर असल्या साध्या, किल्लीबरोबर चालू-बंद होणाऱ्या सर्किटवर लावा. एअरबॅग, एबीएस, इंजिन कंट्रोल यांच्या फ्यूजांना हात नको. टॅपला दिशा असते, हे फार थोडे जण पाहतात. मूळ फ्यूज काढा, किल्ली फिरवा (या मोजणीपुरती बॅटरी जोडावी लागेल, झाल्यावर परत सोडा) आणि दोन खाचांपैकी पॉवर येणारी कोणती ते मीटरने पाहा. टॅपची जी पाती दोन्ही फ्यूजांना पॉवर देते ती त्या खाचेत गेली पाहिजे. उलटी बसली तरी स्टिरिओ चालतो, पण नव्या वायरीचा करंटही मूळ फ्यूजमधून जाऊ लागतो. लाल वायरीला २ किंवा ३ अँपिअरचा फ्यूज बहुतेक स्टिरिओंना पुरतो.

> सावधान: एसीसी सापडली नाही म्हणून लाल आणि पिवळी एकत्र पिळून कायमच्या पॉवरला जोडू नका. स्टिरिओ मग कधीच झोपत नाही. पडद्यावरचं बटण दाबून तो अंधारा होतो, बंद होत नाही. तो १ अँपिअर घेत राहिला तर ४५ अँपिअर-तासांची बॅटरी दोन दिवसांत रिकामी होते.

## टप्पा ७: सुट्या राहणाऱ्या वायरी

निळी आणि निळी-पांढरी. या स्टिरिओतून बाहेर १२ व्होल्ट देणाऱ्या वायरी आहेत, निळी अँटेनासाठी, निळी-पांढरी बाहेरच्या अँप्लिफायरला जागं करायला. यांच्यात बाहेरून पॉवर घालू नका आणि यांच्यावर पंखा, दिवे असलं काही चालवू नका. अँटेनाच्या बुडाशी बूस्टर असलेल्या गाड्यांत निळी जोडली नाही तर एफएम अगदी क्षीण लागतं. लोक अँटेना बदलतात, पण कमी असते ती ही एक वायर.

नारिंगी. रात्री पडदा मंद करण्यासाठी पार्किंग दिव्यांच्या पॉझिटिव्ह वायरीला. टप्पा ३ मध्ये ती नक्की सापडली नसेल तर सुटीच ठेवा.

स्पीकरच्या वायरी. स्पीकरची निगेटिव्ह वायर म्हणजे अर्थ नव्हे. तिला बॉडीशी जोडलं तर आतला अँप्लिफायर संरक्षणासाठी बंद पडतो किंवा कायमचा जातो.

न वापरलेल्या प्रत्येक वायरीचं टोक वेगवेगळं स्लीव्हने बंद करा. सगळी टोकं एकाच टेपमध्ये गुंडाळलेली गठडी म्हणजे उद्याचा शॉर्ट.

## टप्पा ८: जोड टेबलावर करा

स्टिरिओचा कपलर आणि गाडीचा अडॅप्टर टेबलावर घ्या आणि तिथेच सगळे जोड पूर्ण करा. डॅशबोर्डमध्ये वाकून, एका हाताने पिळलेला जोड चांगला होत नाही.

स्लीव्ह आधी वायरीत ओवा. वायर साधारण ८ मिमी सोला, एकही तार तुटू देऊ नका. बट कनेक्टरमध्ये दोन्हीकडून घालून योग्य मापाच्या पकडीने दाबा. दाबल्यावर दोन्ही टोकं धरून चांगला हिसका द्या. सुटला तर आत्ताच सुटू दे. मग स्लीव्ह ओढून तापवा.

सोल्डर करणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं. वितळलेलं सोल्डर तारांत वर चढतं आणि जिथे ते संपतं तिथे वायर ताठ होते. गाडीच्या थरथरीने ती नेमकी तिथेच तुटते. सोल्डर केलंच तर जोडाच्या दोन्ही बाजूंना स्लीव्ह लांब घ्या आणि वायर पुढे बांधून टाका. साधी प्लास्टिकची टेप डॅशबोर्डच्या उन्हात चिकट होऊन सुटते. तिच्यावर जोडाची मदार ठेवू नका. बांधणीसाठी कापडी टेप बरी, ती खडखडाटही थांबवते.

## टप्पा ९: पहिल्यांदा चालू करताना

स्टिरिओ डॅशबोर्डच्या खाचेत सरकवू नका. सीटवर एक जाड कापड घालून त्यावर ठेवा, म्हणजे त्याचा पत्रा गाडीच्या धातूला टेकणार नाही. पॉवरचा कपलर जोडा. अँटेना आणि आरसीए अजून सुटेच. सगळ्या उघड्या टोकांवर नजर फिरवा, मग फ्यूज बसवा आणि बॅटरीचा निगेटिव्ह जोडा. टर्मिनल टेकताना बारीक ठिणगी दिसली तर ती चालते. मोठी ठिणगी किंवा फट्‌ असा आवाज आला तर लगेच सोडा आणि शॉर्ट शोधा.

किल्ली एसीसीवर. स्टिरिओ सुरू झाला? या स्थितीत त्याला परतीची एकच वाट आहे, ती काळी वायर. म्हणजे अर्थ खरोखर काळीतून मिळतो आहे. आत्ता सुरू झाला नाही, पण अँटेना लावताच सुरू झाला, तर काळी कुठेच पोहोचलेली नाही. टप्पा ४ ला परत जा.

किल्ली काढा. स्टिरिओ बंद झाला पाहिजे. एखादं स्टेशन साठवा, पाच मिनिटांनी परत चालू करा, ते तिथेच असलं पाहिजे. विसरला तर पिवळी कायमच्या पॉवरवर नाही, किंवा पिवळी-लालची अदलाबदल आहे.

फ्यूज उडाला तर त्याच मापाचा दुसरा टाकण्याआधी कारण शोधा. मोठा फ्यूज टाकून ‘बघू काय होतं’ हा प्रयोग करू नका. पॉवर-अर्थ उलटे जोडले गेले तर बऱ्याच स्टिरिओंत आतला डायोड मुद्दाम शॉर्ट होऊन फ्यूज उडवतो. फ्यूज मोठा असेल तर तो डायोड आणि त्याखालचा बोर्ड जळतो.

## टप्पा १०: आवाज वाढवून मोजा, झोपवून मोजा

इंजिन चालू करा. बॅटरीवर सहसा १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसतात. काही नव्या गाड्यांत गाडी स्वतःच हा आकडा वरखाली करते. आवाज भरपूर वाढवा, खर्जाचं गाणं लावा. आता स्टिरिओच्या कपलरमागे पिवळी आणि काळी यांच्यामध्ये मोजा. ठेका पडताना हा आकडा बॅटरीवरच्या आकड्यापेक्षा अर्ध्या व्होल्टहून जास्त खाली जाऊ नये. जात असेल तर कुठली बाजू दोषी आहे तेही मीटरच सांगेल: बॅटरीच्या निगेटिव्हपासून काळीपर्यंत मोजा, मग पॉझिटिव्हपासून पिवळीपर्यंत. ज्या बाजूला मोठा आकडा, त्या बाजूचा जोड खराब.

इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी शिटी येत असेल तर आरसीए काढून पाहा. शिटी थांबली तर स्टिरिओ आणि अँप्लिफायर यांच्या अर्थमध्ये फरक आहे. अँप्लिफायरचा अर्थ पॉइंट घासून नव्याने करा. बाजारी नॉइज फिल्टर त्यानंतरचा उपाय आहे.

सगळं ठीक असेल तर स्टिरिओ आत सरकवा, पण ढकलून नव्हे. वायरींची जुडी मागे जास्तीत जास्त मोकळ्या पोकळीत वळवा, चौकटीच्या धारदार कडा, हीटरचा पाइप आणि स्टिअरिंगचा दांडा यांपासून दूर बांधा. स्टिरिओ शेवटचे दोन सेंटिमीटर आत जात नसेल तर मागे वायर चेमटते आहे. बाहेर काढून पुन्हा बसवा.

शेवटची मोजणी त्याच संध्याकाळी. गाडी बंद, दारं बंद, बॉनेट उघडं, किल्ली गाडीपासून दूर. मल्टिमीटर १० अँपिअरच्या सॉकेटवर लावून बॅटरीचा निगेटिव्ह खांब आणि सुटी केलेली निगेटिव्ह केबल यांच्यामध्ये जोडा. सुरुवातीला आकडा मोठा दिसेल, कारण गाडीतले कंट्रोलर जागे असतात. काही गाड्यांना झोपायला अर्धा तासही लागतो. या काळात दार उघडू नका, आणि इंजिन चालू करायचा तर विचारही नको, मीटरचा फ्यूज जाईल. आकडा स्थिर झाला की तो ५० मिलिअँपिअरच्या खाली असला पाहिजे. जास्त असेल तर पिवळीचा फ्यूज काढून पाहा. आकडा लगेच घसरला तर स्टिरिओ झोपत नाही आहे, म्हणून लाल वायर पुन्हा तपासा. घसरला नाही तर गळती गाडीत दुसरीकडे आहे.